एअर रायफलचा ट्रिगर बदलायचाय : नवी पट्टी घेऊ, सिअर घासू की गप बसू?

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडं देशी बनावटीची, ४.५ मिमीची, ब्रेक-बॅरल (नळी मोडून कॉक करायची) स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडंच भरकटतो. नळी चांगली आहे. पोत्यावर टेकवून मारली की छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. अडचण ट्रिगरची. ओढत जातो, मधेच खरखर लागते, जरा अडतो, पुन्हा ओढतो, आणि कधी सुटणार याचा शेवटपर्यंत पत्ता नसतो. सामान तोलायच्या ताणकाट्याचा हूक ट्रिगरच्या पट्टीच्या (बोटानं ओढतो त्या भागाच्या) मधोमध अडकवून सरळ मागं ओढला, तर तीन किलोच्या पुढं काटा गेल्यावर बार होतो. बंदुकीचं स्वतःचं वजन साडेतीन.

शेतातल्या शेडमध्ये, मागं मातीचा बांध धरून, १० मीटरवर कागदावर मारतो. शिकार नाही, पाखरं नाहीत. त्या वळणाचे प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

व्हिडिओ बघून डोकं गरगरलंय. कुणी परदेशी रेडिमेड पट्टी बसवतो, कुणी मूळ स्क्रू काढून लांब स्क्रू घालतो, कुणी सिअर (दाबलेला पिस्टन अडवून धरणारा आतला भाग) पॉलिश करतो, कुणी त्यात बारकं बेअरिंग कोंबतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला (वर्कशॉपांचा भाग) एक मित्र म्हणतोय, "दे हिकडं, सांजच्यापर्यंत नवा करून देतो." त्याचा हात पक्का आहे, पण बंदुकीतलं त्याला काही कळत नाही. काय करू?

पंचगंगेचा_घाट

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! तुमचं बोट तर कधीचं खटक्यावर हाय, पलटीच होईना झालीय.

चेष्टा सोडा. जाणकार येतील आता, मी बसलो वाचत.

वायरकट

दादा, मित्राला आधी थांबवा. मीपण उद्यमनगरातलाच, पोट लेथवर आहे, म्हणूनच सांगतो. आमच्या लोकांना कुठलाही भाग दिला की तो "गुळगुळीत" करायची घाई असते. सिअर हा गुळगुळीत करायचा भाग आहे, पण तो कुठं आणि किती, हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो.

आत काय चाललंय ते आधी बघा. नळी मोडून खाली ओढली की पिस्टन मागं येतो, स्प्रिंग दबते आणि पिस्टनचा दांडा सिअरच्या दातात अडकतो. स्प्रिंगचा सगळा जोर त्या दातावर. ट्रिगर ओढणं म्हणजे तो दात जोराखाली असतानाच घासत बाजूला सरकवणं. स्वस्तातल्या बंदुकीत पट्टी आणि सिअर यांच्यामध्ये फारसं काही नसतं, पट्टीच जवळजवळ थेट सिअरला धरून बसते. म्हणून सगळी मेहनत बोटाला. जर्मन वायराउखचा रेकॉर्ड ट्रिगर उघडून बघा (एचडब्ल्यू ३५, ७७, ८०, ९५, ९७ या बंदुकांत तोच असतो). त्यात मधे आणखी लिव्हर आहेत. पिस्टनचा जोर टप्प्याटप्प्यानं मोडत मोडत शेवटच्या कडेपर्यंत येतो तेव्हा अगदी थोडा उरतो. ती शेवटची कड हलकी सेट केली तरी दगा देत नाही, कारण तिच्यावर ओझंच कमी. तुमच्या बंदुकीत ती सोय नाही. तिथं नुसता स्क्रू पिळून रेकॉर्डसारखं हलकं वजन मागायचं म्हणजे दात अर्धवट अडकवून ठेवायचा. दाराची कडी कोयंड्यात जेमतेम टेकलेली असते ना, कुणी शेजारून जोरात चाललं तरी उघडते, तसला प्रकार.

आता तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या करा. ओढायचं वजन जास्त आहे ही एक. खरखर आहे ही दुसरी. कधी सुटणार कळत नाही ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. खरखर घासणाऱ्या तोंडावरच्या टूलमार्कची, नाहीतर वाळलेल्या ग्रीसची. सुटायचा अंदाज न येणं म्हणजे सिअरची पकड लांब आहे आणि पहिला (मोकळा) व दुसरा (सुटायचा) टप्पा वेगळा नाही. वजन मात्र बऱ्याच अंशी भूमितीचं असतं, ते पॉलिशनं थोडंच उतरतं.

एक काम करा. दस्ता काढा. त्याआधी दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का तेही बघा. मग ट्रिगरच्या बाजूनं आत डोकवा. पट्टी जिथं सिअरला लागते तिथं काळ्या मार्करची शाई लावा. आम्ही शॉपमध्ये ब्लू लावून बघतो, तेच हे. पण दस्त्याशिवाय कॉक करायला जाऊ नका. दस्ता बसवा, कॉक करा, छर्रा घालून बांधात मारा. पुन्हा उघडून शाई कुठं पुसली गेलीय त्याचा फोटो टाका. फोटो आल्याशिवाय मी पुढं बोलणार नाही.

फुलेवाडीकर

वायरकटदादा, केलं. पुढच्या दोन स्क्रूंपैकी एक चक्क बोटानं फिरला. तो आवळला.

फोटो जोडलाय. शाई पूर्ण तोंडावरची गेलेली नाही. एका कडेला बारीक पट्टा चकचकीत झालाय, बाकी तोंड काळंच. आणि त्या चकचकीत पट्ट्यात आडव्या रेघा आहेत, नख फिरवलं तर लागतात.

वायरकट

फोटो झकास आलाय. मिलिंगच्या रेघा तशाच सोडल्यात, आणि पट्टी जरा तिरकी बसतेय म्हणून एकाच कडेवर भार येतोय. पिनेत खेळ आहे का बघा. पट्टी डावी-उजवी हलवली तर किती हलते?

फुलेवाडीकर

चांगलीच हलते. अर्धा मिलिमीटर तरी असेल.

आयएचपी_आबा

मुलांनो, चालू द्या तुमचं, पण म्हाताऱ्याचंही थोडं ऐका.

आमच्या घरात जुनी आयएचपी ३५ (देशी एअर रायफल) आहे, वडिलांच्या वेळची. ट्रिगर जड आहे आणि तो मी कधीच बदलला नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत निम्मे लोक ट्रिगरला शिव्या घालतात आणि चूक धरण्यात असते. पिस्टन पुढं सुटतो तेव्हा बंदूक आधी मागं येते, मग पिस्टन नळीच्या मागच्या टोकाशी हवेच्या उशीवर आपटला की पुढं जाते. छर्रा अजून आतच असतो. म्हणजे ट्रिगर लोण्यासारखा केलात तरी छर्रा बाहेर पडायच्या आत बंदूक दोनदा हलणारच. घट्ट आवळून धरली की दर वेळी वेगळी हलते. पुढचा हात उघडा ठेवा, तळव्यावर नुसती टेकू द्या, खांद्याला हलकी लावा. दर वेळी सारखी हलू दिली की छर्रे एका जागी जातात.

फुलेवाडीकर, तुम्ही म्हणता पोत्यावर टेकवून नाण्याखाली छर्र्यांचा गट येतो. मग हातात धरून किती येतो ते सांगितलंच नाहीत.

फुलेवाडीकर

आबा, हातात धरून चहाच्या बशीएवढा.

आयएचपी_आबा

मग बशीतला किती भाग ट्रिगरचा आणि किती धरण्याचा, ते आधी ठरवा. पैसे नंतर घाला.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

आबांना मान देऊन सांगतो, जड ट्रिगर हा गटाचा शत्रू आहेच. तीन किलो ओढताना अख्खा पंजा आवळला जातो. तुम्ही म्हणता तसं हलकं धरायचं तर बोट हलकं चाललं पाहिजे. दोन्ही गोष्टी एकमेकांना जोडलेल्या आहेत.

माझ्याकडं गामो (स्पॅनिश कंपनी) पद्धतीचा ट्रिगर आहे. त्यासाठी परदेशात जीआरटी नावाची पट्टी मिळायची, ती माझ्या मामेभावानं आणून दिली होती. गंमत म्हणजे मेन स्प्रिंगला हातच लावावा लागत नाही. एक पिन ठोकून काढायची, जुनी पट्टी बाहेर, नवी आत. नव्या पट्टीत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचे स्क्रू वेगळे. मूळ पट्टीत एकच स्क्रू असतो, तो नुसती पट्टीची स्प्रिंग ताणतो. तो पिळून लोकांना वाटतं ट्रिगर सेट झाला. पकड तशीच राहते, फक्त बोटाला हलकं लागतं. जीआरटीनंतर पहिला टप्पा मोकळा जातो, मग बोटाला भिंत लागते, मग सुटतो. भिंत लागणं हेच खरं सुख. वजन मी फार उतरवलेलंही नाही.

बेअरिंगवाला प्रकारही करून बघितला. पट्टीचं जे टोक सिअरवर घासतं तिथं बारकं बॉल बेअरिंग बसवायचं, म्हणजे घासण्याऐवजी लोळतं. खरखर एकदम जाते, मान्य. पण बेअरिंगचा बाहेरचा गोल आकार आला की सिअरची पकड कुठं संपते ते आपल्या हातात राहत नाही. माझ्या बंदुकीत पकड कमी झाली, म्हणून मी ते काढून ठेवलं. कुणाच्या बंदुकीत जमतही असेल.

शिरोली_रात्रपाळी

एवढी भीती कशाला घालताय? आम्ही मित्राच्या बंदुकीचा अख्खा सिअर ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) मधून करून घेतला. वायरकटवर (विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्या मशिनवर) काढला, पॉलिश केला, बसवला. पावसाळ्यापासून चालू आहे. परदेशी पट्टीच्या पैशात आख्खी बंदूक सर्व्हिस होते.

वायरकट

रात्रपाळी भावा, हार्डनिंग केलं का?

शिरोली_रात्रपाळी

तसं खास नाही. ईएन८ चांगलं मटेरियल आहे की.

वायरकट

मटेरियल चांगलंच आहे, शाफ्टला. बिनहार्डनिंगचं ईएन८ सिअरच्या कडेला लावलं तर कड दबत जाते, सावकाश. रोज थोडी. ट्रिगर आपोआप "सुधारतोय" असं वाटतं, हलका हलका होत जातो, सगळे खूश. मग एक दिवस नळी बंद करतानाच सुटते. ती बंदूक मित्राच्या हातात आहे म्हणून हे लिहितोय, वाद घालायला नाही. आजच उघडून भिंगाखाली कड बघ. गोल झाली असली तर बंदूक कपाटात ठेव.

सिअर करायचाच असेल तर ओएचएनएस (तेलात हार्डन करायचं टूल स्टील) घ्यायचं, वायरकटवर काढायचं, हार्डनिंग करायचं, टेम्पर करून ५८ एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास आणायचं, आणि मग घासणारं तोंड सरफेस ग्राइंडिंगला चौकोनी धरून घ्यायचं. उलटा क्रम चालत नाही, हार्डनिंगमध्ये भाग थोडा वाकतो. आणि कारखान्याचा सिअर बहुतेक वेळा केस हार्डन केलेला असतो. म्हणजे वरची पातळ कातडी कडक, आतला गाभा मऊ. कानस मारून ती कातडी काढली की झालंच. पॉलिश करायचं तर बारीक ऑइलस्टोनवर, तेल घालून, चार-दोन हलके हात. रेघांची टोकं उतरली की थांबायचं. रेघा पूर्ण जाईपर्यंत घासायचं नाही.

कोन हा तर त्याहून नाजूक विषय. ट्रिगर ओढताना पिस्टन केसभर मागं सरकत असेल तर पकड स्वतःला धरून ठेवते. ओढायला जड, पण भरवशाची. अजिबात सरकत नसेल तर मधली अवस्था. आणि घासताना हात तिरका गेला, कोन उलटा झाला, तर पिस्टनच सिअरला बाहेर ढकलायला लागतो. डोळ्याला एक-दीड अंशाचा फरक दिसत नाही. म्हणून हातात दगड धरून सिअर घासायचा नाही. दगड सपाट टेबलावर, सिअर चौकोनी ब्लॉकला धरून त्यावर.

शिरोली_रात्रपाळी

बघतो भावा. मित्राला फोन लावलाय.

पंचगंगेचा_घाट

सेफ्टी लावलेली असली की काय होतंय? सुटणार कशी?

गडहिंग्लज_एक्सप्रेस

इथंच लोक फसतात. बहुतेक एअर रायफलीत सेफ्टी फक्त पट्टी अडवते, सिअर नाही. सिअर स्वतःच घसरला तर सेफ्टी बिचारी पट्टी धरून बसलेली असते. ब्रेक-बॅरलमध्ये आणखी एक अडसर असतो, नळी उघडी असताना ट्रिगर चालू न देणारा. ट्रिगर "मोकळा" करायच्या नादात तो काढून टाकणारे महाभाग मी बघितलेत. नळी उघडी असताना सुटली तर ती फटक्यात वर येते आणि मधे बोट असलं तर बोट जातं. अडसर असो वा नसो, छर्रा घालताना दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची.

वायरकट

+१. आणि ट्रिगरला काहीही केलं, अगदी नुसता स्क्रू फिरवला तरी, ठोकून तपासल्याशिवाय बंदूक वापरायची नाही. नळी बंद, आत छर्रा, तोंड बांधाकडं, पुढं कुणी नाही. रबरी हातोडीनं दस्त्याला बाजूनं, मागून, वरून ठोके द्यायचे. सेफ्टी काढून. सुटली तर स्क्रू परत मागं. छर्रा घाला म्हणतोय कारण रिकामी सुटली की पिस्टनपुढं हवेची उशी टिकत नाही, तो धाडकन आपटतो, सीलचं आणि स्प्रिंगचं नुकसान होतं.

तांबडा_पांढरा

मधेच विचारते, माफ करा. विषय थोडा वेगळा आहे. माझी मुलगी सातवीत आहे, वर्षभर क्लबात १० मीटर एअर रायफल करते. रायफल क्लबाची, परदेशी, सिलिंडरवाली. तिच्याबरोबरच्या एका मुलाच्या वडिलांनी बाहेरून वेगळा ट्रिगर आणून बसवला, तेव्हापासून मुलगी मागं लागलीय. तिथल्या रायफलीचा ट्रिगर मुळातच इतका हलका आहे की मी बोट लावलं आणि सुटला. आणखी काय बदलायचं असतं त्यात?

दुधाळी_लेन

ताई, तुमचा प्रश्न वेगळ्या जगातला आहे, वर चाललेली चर्चा त्याला लागू नाही. बरं झालं विचारलंत.

मॅच रायफल, म्हणजे फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, आन्शुट्झ वगैरे, यांत पिस्टन-स्प्रिंगचा भारच ट्रिगरवर नसतो. हवा सिलिंडरमध्ये भरलेली, ट्रिगरनं फक्त एक छोटा हातोडा सोडायचा. त्यामुळं वजन कारखान्यातूनच शंभर ग्रॅमच्या आसपास. आयएसएसएफच्या (नेमबाजीची जागतिक संघटना) नियमात १० मीटर एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अटच नाही. एअर पिस्तुलाला आहे, ५०० ग्रॅम, आणि स्पर्धेच्या दिवशी वजन टांगून तपासतात. म्हणून पिस्तुलवाल्यांचं आणि रायफलवाल्यांचं ट्रिगरवरचं बोलणं कधी जुळत नाही.

रायफलीत बाहेरून आणतात ती बहुतेक नुसती पट्टी असते. आकार वेगळा, सपाट किंवा वाकडी, टोकाला छोटी गोळी, पुढं-मागं-तिरकी फिरवता येणारी. यंत्रणा तीच. उपयोग होतो तो बोट लहान असेल तेव्हा. तुमच्या मुलीचं पहिलं पेर पट्टीवर नव्वद अंशात बसतं का, बोटाचा बाकीचा भाग दस्त्याला घासतो का, एवढं कोचला बघायला सांगा. आहे तीच पट्टी रुळावर मागं सरकवली की बहुतेक वेळा काम होतं. त्यासाठी एक ॲलन की लागते, बाकी खर्च शून्य.

वजनाचं म्हणाल तर या वयात आणखी हलकं नकोच. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. पोरं पहिल्या टप्प्यात थांबून राहायला शिकली नाहीत आणि ट्रिगर फुंकरीनं सुटायला लागला, की ठिपका समोरून जाताना दिसला रे दिसला की "मारायची" सवय लागते. ती काढायला वर्ष जातं. पहिल्या टप्प्याला जास्त भार ठेवा, दुसऱ्याला थोडा. बोटाला थांबायची जागा कळली पाहिजे. आणि मॅच रायफलीला रिकामं चालवायची सोय असते, तिचा सराव करून घ्या. स्प्रिंगच्या बंदुकीत जे करू नका म्हणून वर लिहिलंय, तेच इथं रोज करायचं.

तांबडा_पांढरा

फार आभार. सपाट पट्टी की वाकडी, यात काही नियम?

दुधाळी_लेन

नाही. बोटाला आवडेल ती.

आणखी एक, विषयाला धरूनच. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणल्यापासून माझ्याकडं येणारे पालक विचारतात, "त्याच्यासारखा ट्रिगर कुठं मिळेल?" त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून). ती .२२ ची काडतुसाची रायफल, एअर रायफल नव्हे. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जे जागतिक विजेतेपद मिळवलं तेही ५० मीटर प्रोनचं (झोपून मारायचा प्रकार). राही सरनोबत तर २५ मीटर पिस्तुलाची. नावं कोल्हापूरची सगळी, हत्यारं वेगवेगळ्या तऱ्हेची, आणि ट्रिगरही वेगवेगळ्या तऱ्हेचे. एकाचा दुसऱ्याला लावून चालत नाही.

मिरजेचा_पाव्हणा

सांगली जिल्ह्यातनं रामराम. हाकलून द्यायच्या आत विचारतो. ट्रिगर बदलला की परवान्याच्या भानगडीत पडतो का आपण? आणि आमच्या द्राक्षाच्या बागेत वानरं लई झालीत, त्यांच्यासाठी जरा हलका ट्रिगर...

दुधाळी_लेन

पहिल्याचं उत्तर: बिनपरवाना एअरगनची मर्यादा बोअरची (नळीच्या भोकाची) आणि ताकदीची आहे, ४.५ मिमी आणि २० ज्यूल. ट्रिगरनं या दोन्हींत काही फरक पडत नाही. स्प्रिंग बदलून ताकद वाढवलीत तर पडतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरच्या पुढं गेला की २० ज्यूलच्या उंबऱ्यावर आलात म्हणून समजा.

दुसऱ्याचं उत्तर: १९७२ चा वन्यजीव कायदा. वनखात्याला विचारा. इथं नाही.

पंचगंगेचा_घाट

पाव्हणं, चहा घ्या आणि बसा. वानरांना फटाके लावा.

हातकणंगले_७७

माझ्याकडं डायना (जर्मन एअर रायफल) आहे, टी०५ ट्रिगरची. पट्टी प्लॅस्टिकची. टी०६ मिळाला तर बसेल का? वाचलंय बसतो म्हणून.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

बसतो. टी०५ काढून टी०६ चं अख्खं युनिट घालायचं, हा परदेशात रुळलेला प्रकार आहे. टी०६ ची पट्टी धातूची आणि सेटिंग जास्त. सुटी पट्टी शोधत बसू नका, युनिटच घ्या. मात्र हे काम पिन ठोकून होणारं नाही. मागचा भाग उघडताना मेन स्प्रिंग दाबून धरावी लागते, त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा) हवा. मांडीत धरून, बायकोला टोक दाबायला सांगून करणारे आहेत. तसं करू नका. बंदूक कॉक केलेली नसतानाही स्प्रिंग चांगलीच दाबलेली असते.

आणि खरं सांगायचं तर टी०५ प्लॅस्टिकचा असला तरी वाईट ट्रिगर नाही. आधी तो नीट सेट करून बघा.

आयएचपी_आबा

हे बरोबर बोललात. सगळ्यांना युनिट बदलायची घाई.

फुलेवाडीकर

मंडळी, काम झालं, लिहितो.

सिअरला मित्राला हात लावू दिला नाही. पट्टीच्या पिनेचं भोक घासून लांबट झालं होतं, ते त्यानं मोठं करून बुश बसवला आणि पिन नवीन केली, मापाची. पट्टीचा खेळ गेला. पट्टीसुद्धा नवी केली, अॅल्युमिनियमची, जराशी लांब आणि सरळ. पण सिअरला लागणारं टोक ओएचएनएसचं वेगळं करून रिव्हेट केलं. वायरकटदादांनी फोनवर त्याला जे काय सांगितलं त्यानंतर तो माझ्याशी जरा आदरानं बोलतो. सिअरच्या तोंडावर ऑइलस्टोनचे दोन-तीन हात मीच दिले, ब्लॉकला धरून. काडीच्या टोकावर येईल एवढी मोली पेस्ट (वंगण). स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा डिंक).

शाई लावून बघितली, आता तोंडभर पुसली जाते. ताणकाट्यावर पावणेदोन किलो. हातोडीनं सगळीकडनं ठोकली, सुटली नाही. पहिला टप्पा असा नाहीच, पण खरखर गेली आणि सुटायच्या आधी बोटाला कळतं.

आबा, तळव्यावर टेकवून मारायला लागलोय. बशीची वाटी झाली. आमटीची नव्हे, चटणीची.

आयएचपी_आबा

ट्रिगरमुळं की धरण्यामुळं?

फुलेवाडीकर

दोन्ही एकदमच केलं, आता वेगळं कसं सांगू? जुनी पट्टी ठेवलीय. पाहिजे तर परत घालून बघतो.

गडहिंग्लज_एक्सप्रेस

घालू नका ओ. चाललंय ते चालू द्या.

शिरोली_रात्रपाळी

वायरकट भावा, उघडून बघितलं. कड गोल झाली होती, उघड्या डोळ्यांनी दिसत होती. बंदूक बंद ठेवलीय. मूळ सिअर मित्राच्या डब्यात सापडला, तोच परत घालतोय.

वायरकट

बेस. मूळ सिअर घालताना पिस्टनच्या दांड्याचं टोकपण बघ, मऊ सिअरचे कण तिथं चिकटलेले असतात. रॉकेलनं पुसून घे.

हातकणंगले_७७

फुलेवाडीकर, त्या पट्टीचं ड्रॉइंग इथं टाकता का? बऱ्याच जणांकडं तीच बंदूक असणार.

फुलेवाडीकर

माझी हरकत नाही. वायरकटदादा?

वायरकट

पट्टीच्या बाहेरच्या आकाराचं टाका. सिअरला लागणाऱ्या टोकाची मापं टाकू नका. त्या बंदुकीत बॅच बदलली की पिनेचं अंतर बदलतं, माझ्यासमोर दोन आल्या होत्या, दोन्ही वेगळ्या. कुणीतरी ड्रॉइंगवरून आंधळेपणानं काढून बसवेल. टोक ज्याचं त्यानं आपल्या सिअरवर शाई लावून, बसवत बसवत करायचं. ज्याला जमत नाही त्यानं बंदूक घेऊन यावं, मी रविवारी दुपारनंतर मोकळा असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि येताना छर्रे काढून, पिशवीत घालून आणा. बसस्टँडवर उघडी मिरवत नको.